शिवानची फाइल: मध्ययुगीन राजकन्येचं चरित्र कागदांवरून कसं उभं करावं

२ मे १२३० रोजी उत्तर वेल्समध्ये विल्यम द ब्रोझ नावाच्या इंग्रज सरदाराला फाशी दिली गेली. तो यजमानाच्या शयनगृहात यजमानाच्या बायकोबरोबर सापडला होता. यजमान होता ग्वेनेथचा राजा लवेलिन अब योरवर्थ. बायको म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजाची अनौरस मुलगी जोन. वेल्श लोक तिला शिवान म्हणतात.

तिच्याबद्दल लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो आणि बहुतेक जण इथेच संपवतात. तिच्या तीसेक वर्षांच्या संसारातलं हे एक प्रकरण, पण बाकीची सगळी वर्षं त्याच्याखाली दबून गेली. या लेखात आपण ते प्रकरण मुद्दाम जवळजवळ शेवटी घेणार आहोत. वेल्श किंवा इंग्रज राजपुत्रांना दिलेल्या राजघराण्यातल्या बायकांचं आयुष्य मूळ नोंदींवरून कसं जुळवायचं, हे शिवानला समोर ठेवून पाहू. मदतीला तिची नातसून एलिनॉर द मॉन्टफर्ट आहेच. दुसऱ्या कुठल्या राणीवर किंवा राजकन्येवर लिहायचं असेल तरी कामाची पद्धत हीच.

तयारी फार लागत नाही. एक स्प्रेडशीट उघडा आणि पाच रकाने करा: तारीख, काय घडलं, कोण सांगतंय, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतंय, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ. चौथा आणि पाचवा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ लेखात घ्यायची नाही, एवढा नियम सुरुवातीलाच करून टाका.

१. नाव शोधू नका, नातं शोधा

इंग्रजी पुस्तकात ती जोन, लॅटिन कागदात योहान्ना आणि वेल्शमध्ये शिवान. तिन्ही नावांनी शोधूनही फारसं हाती लागत नाही, कारण लिहिणारा कारकून बहुतेक वेळा नाव लिहीतच नाही. त्याच्या लेखी ती 'राजाची मुलगी' किंवा 'लवेलिनची बायको' असते. १२१६ मध्ये जॉन मेला, तिचा सावत्र भाऊ तिसरा हेन्री गादीवर आला आणि कागदांत तीच बाई 'राजाची बहीण' झाली. छापील नोंदींच्या सूचीत शोधताना हे तिन्ही शब्द लॅटिनमध्ये टाकून पाहा, आणि नवऱ्याच्या नावाखालची पानंही चाळा.

इथे एक सापळा आहे. जॉनला जोन नावाची आणखी एक मुलगी होती, ती औरस. १२१० चा जन्म, १२२१ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या अलेक्झांडरशी लग्न, मृत्यू मार्च १२३८. म्हणजे दोघीही जॉनच्या मुली, दोघीही हेन्रीच्या बहिणी, दोघींचं लग्न शेजारच्या राज्यकर्त्याशी, आणि मृत्यूमध्ये अंतर तेरा महिन्यांचं. इंटरनेटवर या दोघींच्या वंशावळी एकमेकींत अडकलेल्या सर्रास दिसतात. 'राजाची बहीण' अशी नोंद मिळाली की पुढे स्कॉटलंड आहे की वेल्स, हे आधी बघा.

नवऱ्यांच्या बाबतीतही तेच. शिवानचा नवरा लवेलिन अब योरवर्थ, म्हणजे योरवर्थचा मुलगा. एलिनॉरचा नवरा लवेलिन अप ग्रिफिथ हा त्याचा नातू. हे 'अब' आणि 'अप' गाळू नका. बापाचं नाव गेलं की माणूस ओळखताच येत नाही.

२. तारखा आपल्या कॅलेंडरवर आणा

माझ्या पहिल्या टिपणात शिवान दोनदा मेली होती, एकदा १२३६ मध्ये आणि एकदा १२३७ मध्ये. मी दोन्ही नोंदी वेगवेगळ्या धरल्या होत्या आणि मधल्या वर्षात ती काय करत होती हे शोधत बसलो होतो. ती गेली २ फेब्रुवारी १२३७ ला. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये साल बदलायचं २५ मार्चला, त्यामुळे तिकडच्या हिशेबाने ते अजून १२३६ च होतं. शकाचा इसवी सन करताना जानेवारी ते मार्चसाठी ७८ च्या ऐवजी ७९ मिळवावे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा घोळ नवा नाही. नियम सोपा: १ जानेवारी ते २४ मार्चमधली कुठलीही तारीख दिसली की थांबा आणि साल तपासा.

सरकारी कागदांवर तर साल नसतंच, राज्यवर्ष असतं, म्हणजे त्या राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते. त्यातही जॉनचं प्रकरण त्रासदायक. त्याचा राज्याभिषेक बारावं शतक संपता संपता, २७ मे ११९९ ला, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला झाला, म्हणून त्याची राज्यवर्षं दर वर्षी त्या सणापासून मोजतात. तो सण ईस्टरच्या मागे मागे सरकतो. म्हणजे जॉनचं एकही वर्ष धड ३६५ दिवसांचं असेल याचा भरवसा नाही. याचे तयार तक्ते मिळतात. डोक्याने हिशेब करायच्या फंदात पडू नका.

३. आंदण कुठे गेलं ते बघा

माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं. या बायका काय बोलल्या हे कुणी लिहून ठेवलं नाही, पण त्यांच्याबरोबर कुठली जमीन गेली हे चोख लिहून ठेवलं, कारण ती इंग्रज खजिन्याच्या हिशेबातून वजा करायची होती. प्रत्येक परगण्याचा शेरीफ दर वर्षी खजिन्यापुढे हिशेब देई. तो हिशेब चामड्याच्या लांब गुंडाळ्यांवर उतरवला जाई. त्याच पाइप रोल. राजाने कुणाला काही दिलं असेल तर 'दिलेल्या जमिनी' या सदराखाली ते दिसतं. आपल्याकडच्या गावच्या जमाबंदीत इनाम जमीन वेगळी दाखवावी, तसंच.

शिवानला डिसेंबर १२०३ मध्ये नॉर्मंडीहून इंग्लंडला आणलं गेलं आणि १२०५ च्या सुमारास तिचं लग्न लागलं. आंदण म्हणून लवेलिनला मिळालं सीमेवरच्या श्रॉपशरमधलं एल्समीर. आता याच एल्समीरचा मागचा इतिहास काढा. ११७४ मध्ये दुसऱ्या हेन्रीने आपली अनौरस सावत्र बहीण एम्मा ग्वेनेथच्या दाविद अब ओवेनला दिली होती, आणि ११७७ मध्ये हेच एल्समीर त्या जावयाला दिलं होतं. दाविद हा लवेलिनचा सावत्र काका, त्याच्या बापाचा सावत्र भाऊ. त्याला हुसकावूनच लवेलिन वर आला. म्हणजे तीस वर्षांच्या आत तेच गाव, तीच युक्ती, तसलीच अनौरस लेक आणि त्याच घराण्यातला पुढचा माणूस.

हे गाव इंग्लंडच्या हद्दीत होतं, हा यातला कळीचा मुद्दा. जावई शहाण्यासारखा वागला तर उत्पन्न त्याचं, बिथरला तर शेरीफने दोन माणसं पाठवून जप्त करावं. पुढे तिसऱ्या हेन्रीने बहिणीला चोळीबांगडीसाठी द्यावी तशी लेस्टरशरमधलं रॉथली आणि श्रॉपशरमधलं काँडोव्हर ही गावं १२२५ व १२२६ मध्ये दिली, आणि १२२८ मध्ये लवेलिनशी बिनसल्यावर परत घेतली. भाऊबहिणीच्या मायेवर परिच्छेद लिहायच्या आधी ही तीन सालं एका ओळीत मांडून बघा.

४. शकावली आणि बखर वेगळी ठेवा

जेधे शकावली आणि एखादी रसाळ बखर यांना आपण एकाच तराजूत घालत नाही. इथेही तेच करायचं. वेल्सची शकावली म्हणजे 'ब्रीत अ तविसोग्यॉन', राजपुत्रांचा वृत्तांत. मठातल्या वर्षावर्षाच्या नोंदींवरून तो तयार झाला आणि त्याचं बोलणं कोरडं, तुटक असतं. इंग्लंडकडचा बखरकार म्हणजे सेंट ऑल्बन्स मठातला रॉजर ऑफ वेंडोव्हर. लेखणी छान, पण जॉन राजाचा दुस्वास करणारी, आणि लिहितोय तोही जॉन मेल्यानंतर.

दोन शेजारच्या सालांवर सराव करू.

१२११ च्या उन्हाळ्यात जॉनने ग्वेनेथवर दुसऱ्यांदा चाल केली. पहिल्या वेळी अन्नावाचून सैन्याचे हाल झाले होते, या वेळी तो तयारीने आला आणि बँगर जाळून त्याने तिथल्या बिशपला पकडलं. 'ब्रीत' सांगतो की लवेलिनने आपल्या प्रमुख लोकांच्या सल्ल्याने बायकोला, म्हणजे राजाच्या मुलीला, तहाची बोलणी करायला पाठवलं. एवढंच एक वाक्य. पण ते करारावर ठेवून वाचा. कॉन्वी आणि डी या नद्यांमधला मुलूख गेला, जनावरांची खंडणी बसली, तंगविस्टल या आधीच्या बाईपासून झालेला लवेलिनचा मुलगा ग्रिफिथ ओलीस गेला. आणि एक अट अशी, की राजाच्या मुलीच्या पोटी लवेलिनला वारस झाला नाही तर सगळं राज्य राजाकडे जाईल. वाटाघाटीला गेलेल्या बाईच्या कुशीचाच मुद्दा करारात होता. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती. मुलगा दाविद याचा जन्म साधारण १२१२ चा धरतात.

मला विचाराल तर तिच्या चरित्राचं मधलं पान हे आहे, १२३० नव्हे. बापाच्या छावणीत ती नवऱ्याची वकील म्हणून शिरली, आणि तिच्याशिवाय पाठवण्यासारखं दुसरं कुणी लवेलिनकडे नव्हतं. राज्य वाचलं, पण फार महागात.

आता १२१२. वेल्श पुन्हा उठले. जॉनने नॉटिंगहॅमला अठ्ठावीस ओलीस मुलांना फाशी दिलं, आणि जेवायला बसणार एवढ्यात त्याला पत्रं आली, त्यांत एक मुलीचं: मोहिमेवर येऊ नका, तुमचेच सरदार घात करतील. ही हकीगत वेंडोव्हरची. जेवणाचं ताट, लटकलेली पोरं, लेकीचं पत्र, सगळं नाटकात शोभावं असं. टाकून द्यायचं का? नाही. कारण ऑगस्टमध्ये मोहीम अचानक रद्द झाल्याचे राजाचे हुकूम आहेत आणि दोन मोठे सरदार पळून गेल्याचंही पक्कं आहे. म्हणजे चौकट खरी. शिवानचं पत्र मात्र फक्त वेंडोव्हरच्या तोंडून येतं. स्प्रेडशीटमध्ये याच्या दोन ओळी करा: 'मोहीम रद्द', सरकारी कागद, त्याच महिन्यातला, आणि 'मुलीचं पत्र', बखर, काही वर्षांनंतरची. लेखात लिहिताना 'वेंडोव्हर सांगतो' हे दोन शब्द विसरू नका.

५. औरसपणाचा कागद कुणासाठी काढला?

एप्रिल १२२६ मध्ये पोप तिसरा होनोरियस याने शिवानला औरस ठरवलं. तेव्हा तिच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली होती आणि मुलगी एलेन हिचं चेस्टरच्या अर्लच्या भाच्याशी लग्नही झालं होतं. एवढ्या उशिरा हा कागद कशासाठी?

आधीचे कागद ओळीने लावा. १२२० मध्ये तिसऱ्या हेन्रीने दाविदला लवेलिनचा वारस मानलं. १२२२ मध्ये पोपने त्यावर शिक्कामोर्तब केलं. वेल्श रिवाजात बापाने पदरात घेतलेल्या अनौरस मुलालाही वाटा मिळे, म्हणून थोरला ग्रिफिथ हा कायमचा काटा होता. दासीपुत्राला हक्क देणारी ही चाल लवेलिनला मोडायची होती. पण चर्चचा नियम पुढे करून सावत्र भावाला दासीपुत्र म्हणायचं आणि स्वतः दाविदची आई अनौरस, हे जुळणार कसं? १२२६ चा कागद आईच्या नावाचा असला तरी फाइल मुलाची आहे.

याच कागदात जन्मसालाचा एक धागाही लोंबतो. तिचे आईबाप तिच्या जन्माच्या वेळी इतर कुणाशी लग्न झालेले नव्हते, या आधारावर तिला औरस ठरवलंय. जॉनचं पहिलं लग्न ऑगस्ट ११८९ चं. शब्दशः घेतलं तर ती त्याआधीची. पुस्तकांत मात्र तिचा जन्म सहसा ११९१ च्या सुमाराचा देतात. अर्ज करणारा आपल्याला सोयीचंच लिहितो, हे लक्षात ठेवून दोन्ही आकडे नोंदवा आणि एकाचाही हट्ट धरू नका. आईचंही तसंच. ट्यूक्सबरी मठाच्या शकावलीत शिवानच्या मृत्यूच्या नोंदीत आई म्हणून 'राणी क्लेमेन्शिया' येते. जॉनला या नावाची राणी कधीच नव्हती. नाव ठेवा, 'राणी' बाजूला ठेवा.

६. पत्राचा मायना आधी वाचा

शिवानची मोजकीच पत्रं उरली आहेत. त्यातल्या एकात ती भाऊ हेन्रीला लिहिते की नवरा आणि तुम्ही यांच्यात शत्रूंनी भांडण लावलं याचं मला अपार दुःख आहे, गुडघे टेकून आणि अश्रू ढाळत विनवते की समेट करा. लगेच पुढे ती इन्स्ट्रक्टस नावाच्या नवऱ्याच्या कारकुनाची बाजू घेते, याच्यावर संशय घेऊ नका म्हणते. गुडघे आणि अश्रू हा त्या काळच्या लॅटिन पत्रांचा ठरलेला शिरस्ता. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहिणारा प्रत्येक जण काही आडवा पडून लिहीत नसतो. बाईची नजर दिसते ती कारकुनाच्या ओळीत: कुठला माणूस वाटाघाटीत टिकला पाहिजे हे तिला नेमकं ठाऊक आहे.

आणि वरची उपाधी बघा: 'वेल्सची स्वामिनी'. खुद्द नवरा १२३० पासून स्वतःला 'आबरफ्राउचा राजपुत्र आणि स्नोडनचा स्वामी' म्हणवत होता. सबंध वेल्सचं नाव नवऱ्याच्या नव्हे, बायकोच्या उपाधीत आहे. नातसून एलिनॉर पुढे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाला लिहिताना सरळ 'वेल्सची राजकन्या, स्नोडनची स्वामिनी' असं लिहिते, आणि कैदेतल्या भावासाठी रदबदली करते. उपाधींची वेगळी यादी करा. कोण कुणाला काय म्हणवतंय, यात अर्धं राजकारण असतं.

७. खर्चाच्या वह्या, नोकरचाकर

एलिनॉरच्या आईचा, म्हणजे लेस्टरच्या काउंटेसचा, १२६५ मधल्या काही महिन्यांचा घरखर्चाचा रोल टिकून आहे. रोज किती मासळी, किती घोड्यांना चारा, असला हिशेब. त्यात छोट्या एलिनॉरच्या प्रार्थनापुस्तकासाठी चामड्याचे कागद घेतल्याची आणि ते लिहून घेतल्याची नोंद येते. लहानशी पोर आणि तिच्यासाठी लिहिलं जाणारं पुस्तक. त्याच ऑगस्टमध्ये इव्हशमच्या लढाईत तिचा बाप सायमन द मॉन्टफर्ट मारला गेला आणि मायलेकी फ्रान्सला गेल्या. या मुलीच्या बालपणाचं इतकं जवळून दर्शन दुसरीकडे मिळत नाही, आणि ते एका किराणा यादीत मिळतं.

शिवानचा असा रोल नाही. मग काय? वेल्श कायद्याच्या पोथ्यांत दरबारचे चोवीस मानकरी मोजले आहेत, सोळा राजाचे आणि आठ राणीचे: कारभारी, पुरोहित, अश्वपाल, खोलीचा चाकर, दासी, द्वारपाल, आचारी आणि मेणबत्त्या सांभाळणारा. राणीचं घर वेगळं मांडलेलं असे, हे त्यावरून कळतं. शिवानकडे बरोबर आठच माणसं होती, असं मात्र लिहू नका. पोथी 'असावं' सांगते, 'होतं' नव्हे.

एलिनॉरच्या पुढच्या आयुष्याला खर्चापेक्षा पहारा जास्त. १२७५ मध्ये वकिलामार्फत लग्न लागलं, वेल्सला निघालेलं जहाज समुद्रातच पकडलं गेलं, आणि एडवर्डने तिला जवळजवळ तीन वर्षं विंडसरला अडकवून ठेवलं. १३ ऑक्टोबर १२७८ ला वुस्टर कॅथीड्रलमध्ये खरं लग्न झालं, खर्च एडवर्डचा. पण लग्नाच्याच दिवशी, प्रार्थनेच्या आधी, धाक घालून माझ्याकडून आणखी एका कागदावर कबुली घेतली, अशी तक्रार लवेलिनने नंतर केली. जून १२८२ मध्ये एलिनॉर बाळंतपणात गेली, डिसेंबरात नवरा मारला गेला. तान्ह्या ग्वेनल्लियनला लिंकनशरमधल्या सेंप्रिंगहॅमच्या मठात ठेवलं. १३३७ मध्ये ती तिथेच वारली. तिचा माग काढायचा तर मठाला तिच्या अन्नवस्त्रासाठी मिळणारे सालाचे २० पौंड शोधा. तिच्या चरित्राचा बराचसा भाग तेवढाच आहे.

८. आता १२३०

इतकं जमल्यावर ते प्रकरण उघडा. विल्यम हा १२२८ च्या मोहिमेत लवेलिनच्या हाती लागलेला कैदी. मोठी खंडणी आणि मुलगी इझाबेला दाविदला देण्याचा करार, यावर सुटला. आंदण ठरला वेल्समधला बिल्थ हा मुलूख. १२३० चा ईस्टर ७ एप्रिलला होता. त्या दिवसांत तो पाहुणा म्हणून आला आणि २ मे ला फासावर गेला. 'ब्रीत' शयनगृहाचं सांगतो. व्हॉडीच्या मठाधिपतीच्या पत्रात फाशीला आठशेवर लोक जमल्याचं येतं. वेल्श कायद्यात राजाच्या पत्नीला हात लावणं हा राजाचा ठरलेला अपमान, त्यामुळे एवढ्या लोकांसमोर केलेली ही शिक्षा लपवाछपवीची नव्हती.

सगळ्यात बोलका कागद नंतरचा. लवेलिनने विल्यमची विधवा ईवा आणि तिचा भाऊ यांना पत्रं लिहून विचारलं: ठरलेलं लग्न अजून करायचं आहे का? ते झालं. बापाला फाशी देणाऱ्याच्या घरात इझाबेला सून म्हणून आली. या प्रकरणानंतर लवेलिनने कैदेत टाकलेली शिवान १२३१ मध्ये सुटली आणि पुन्हा वाटाघाटींत दिसू लागली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील, हा कादंबरीचा प्रांत. तुमचा लेख कादंबरी नसेल तर ती जागा कोरी राहू द्या.

९. दगडाकडे शेवटी जा

शिवान आबरच्या वाड्यात गेली. अँगल्सीच्या किनाऱ्यावर लानवाइसला तिला पुरलं आणि तिथे लवेलिनने तिच्या स्मरणार्थ अनवाणी फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ बांधला. मठ आज नाही. बोमॅरिसच्या चर्चच्या देवडीत एक दगडी शवपेटी आहे. १८०८ चा लेख सांगतो की ती कित्येक वर्षं घोड्यांना पाणी पाजायचं कुंड म्हणून वापरात होती, म्हणून उचलून इथे आणली. तिच्यावरच्या झाकणावर मुकुट घातलेल्या बाईची मूर्ती आहे. वेल्सला कुणाकडे गेलात तर जरूर बघा.

मात्र फोटोखाली 'शिवानची समाधी' असं छापण्याआधी थांबा. कोरीव कामाची धाटणी आणि डोक्यावरचं वस्त्र यांवरून काही अभ्यासक ही मूर्ती तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, कदाचित एलिनॉरची मानतात, कारण तिलाही लानवाइसलाच पुरलं होतं. माझ्या फोटोखाली मी एवढंच लिहिलं: 'बोमॅरिस, लानवाइसहून आणलेली शवपेटी. परंपरेने शिवानची.'